ग्रहणात चिरलेला दोडका

आई मँचेस्टरला एकदाच आली, मी दुसऱ्या वर्षाला असताना. लांब पल्ल्याच्या बसने आली, मांडीवर रव्याच्या लाडवांचा डबा धरून. तो दिवस मी अनेकदा मनात पुन्हा जगून पाहिला आहे. दर वेळी मी बरोबर वागते. प्रत्यक्षात वागले नाही.

आमच्या घरात युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिली. बाबा वेअरहाउसमध्ये, आई लंडनमधल्या इल्फर्डच्या एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये. या देशात आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि इंग्रजी सगळ्यांत आधी मलाच आलं. त्यामुळे आईचं बाहेरच्यांशी बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. डॉक्टरकडे, कौन्सिलच्या ऑफिसात, शाळेत माझ्याच पॅरेंट्स इव्हनिंगला. तिथे शिक्षिका म्हणाल्या, ही वर्गात फार बोलते, आणि मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं. घरी गेल्यावर आई रागावली नाही. बाबांना म्हणाली, "पोरगी पदरचं घालत नाही आणि काही गाळतही नाही."

युनिव्हर्सिटीत आमचा नास्तिक विद्यार्थ्यांचा एक छोटा गट होता. देवावरचा माझा विश्वास कधी गेला ते नेमकं सांगता येत नाही, आणि त्याचा मला अभिमानही नव्हता. फक्त तिथे कुणी काही विचारलं की लोक खरंच विचार करून उत्तर द्यायचे, ते मला आवडायचं. दर बुधवारी दुपारी आम्ही स्टुडंट्स युनियनच्या दारात टेबल मांडायचो. त्यावर पाटी असायची : नास्तिकाला काहीही विचारा.

आई आली तो बुधवारच होता. मी तिला टेबलापाशी नेलं. तिथे माझा एक मित्र बसला होता, वेल्सचा, खगोलशास्त्रात पीएचडी करणारा. आईने आधी डबा उघडला.

"प्रसाद आहे का, विचारतोय," मी म्हणाले.

"त्याला सांग, आधी खा. मग ठरव."

त्याने दोन खाल्ले. आईने मला पाटी वाचायला लावली. 

आता आईचं एक सांगायला हवं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, साताऱ्याकडच्या आमच्या गावी. त्याचा वरचा ओठ फाटलेला होता. त्याला दूध ओढता येईना. अकराव्या दिवशी तो गेला. दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं, म्हणून त्याला नाव नाही. घरातल्या बायकांनी कारण लगेच शोधलं. आई गरोदर असताना ग्रहण लागलं होतं, आणि आजोबांचा डबा शेतावर पाठवायचा म्हणून ती विळीवर दोडका चिरत बसली होती. ग्रहणात गरोदर बाईने चिरलं की बाळाचा ओठ चिरतो, असं सगळेच म्हणायचे. आईने ते मान्य केलं. आमच्याकडे दोडक्याची भाजी कधी होत नाही.

टेबलापाशी उभी राहून आई मला म्हणाली, "त्याला विचार. सूर्य, चंद्र, हे कुणी बसवलेलं नाही म्हणता ना तुम्ही? आपोआप झालं? मग मी चिरत होते ते कुणी पाहिलं? माझ्या बाळाला शिक्षा कुणी दिली?"

 आजूबाजूला माझ्या वर्गातली चार-पाच मुलं होती. दोडका, विळी, ग्रहण हे सगळं त्यांच्यासमोर इंग्रजीत कसं ठेवायचं, ते मला कळेना. खरं सांगायचं तर कळत होतं. ठेवायचं नव्हतं. माझी आई असलं काही मानते हे त्यांना कळू नये, असं वाटलं. मी मित्राला म्हणाले, आई विचारतेय, देव नसेल तर विश्व आणि जीव कुठून आले?

त्याला आनंद झाला. तो खुर्ची सोडून उभा राहिला आणि अगदी मनापासून सांगू लागला. विश्व एके काळी फार गरम आणि फार दाट होतं, तेव्हापासून ते पसरत आलंय, एवढं बऱ्यापैकी कळलंय. त्याच्या आधी काय होतं, 'आधी' म्हणण्याला तिथे अर्थ तरी आहे का, ते माहीत नाही. जिथे माहीत नाही तिथे कुणाला तरी आणून बसवायचं नाही, एवढाच आमचा हट्ट. जीवाचंही तसंच. साधी रसायनं, पाणी, उष्णता आणि अफाट वेळ. त्यातून कधीतरी स्वतःची नक्कल करणारं काहीतरी तयार झालं. नेमकं कसं, ते अजून शोधताहेत.

"आपण सगळे म्हणजे त्या नकलेची नक्कल," तो म्हणाला. "म्हणून चुका होतात. पण ती चूक कुणी मुद्दाम केलेली नसते."

मी सगळं मराठीत सांगत होते. हे शेवटचं सांगितलं तेव्हा आईने झटकन माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या बाळाबद्दल म्हणतोय का तो?"

"नाही. सगळ्यांबद्दल."

"बरं," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावू लागली.

परत जाताना आम्ही ट्रॅमच्या स्टॉपवर उभ्या होतो. आई समोर बघत म्हणाली, "तू बेबी म्हणाली नाहीस. शाळेत काम करते मी. बेबी कळतं मला."

"आई, एवढ्या लोकांसमोर कसं..."

"डॉक्टरसमोर माझ्या पाळीचं बोललीस. बारा वर्षांची होतीस."

मग मी घाईघाईने सगळं सांगायला लागले. बाळ पोटात असतानाच ओठ जुळायचा राहतो, जगभर अशी बाळं जन्माला येतात, ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, तुझा काही दोष नाही. माझा आवाज चढला होता. आईने माझ्या दंडावर हात ठेवला.

"ते तू म्हणतेस. तू माझी मुलगी, तू मला बरं वाटेल असंच बोलणार. मला त्याच्याकडून ऐकायचं होतं. त्याला माझं काय पडलंय? तो खरं बोलला असता."

ट्रॅम आली. आम्ही बसलो. उरलेला वेळ ती मला खोलीत उशी कशी आहे, थंडी वाजते का, हे विचारत राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी तिला गुडघ्यासाठी हॉस्पिटलची तारीख मिळाली. मी इल्फर्डला जायला निघाले, तर बाबा फोनवर म्हणाले, "तू कशाला येतेस? तिने हॉस्पिटलकडून फोनवरची दुभाषी मागितलीय." का, ते मी विचारलं नाही. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

या वर्षी मी धीर करून त्या मित्राला सगळं लिहिलं. तो आता दुसऱ्या देशात असतो. मी काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं, दोन्ही लिहिलं. त्याने दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं, लांबलचक, थेट आईलाच उद्देशून. ग्रहण म्हणजे सावली, असं त्याने लिहिलं होतं. सावलीला डोळे नसतात. तुम्ही त्या दिवशी कुणाच्या तरी जेवणाची सोय करत होता, दुसरं काही नाही. आणि तेव्हा तुमचा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचला नाही, याचं वाईट वाटतं.

मी ते एक शब्दही न गाळता मराठीत उतरवलं आणि आईला फोनवर वाचून दाखवलं.  तिच्या मागे किटलीचा आवाज येत होता.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली.

"आई, मी नाही. त्याने लिहिलंय."

"हो गं. जेवलीस का?"

नंतर मी त्याचा मूळ इंग्रजी मजकूर तिला पाठवला. तो तिच्या फोनमध्ये आहे, तिने पुसलेला नाही. तो तिला वाचून दाखवायला आता माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी हवं.