पेडलवरचा माझा पाय

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, मुलींना नाही, आणि रात्रीच्या प्रार्थनेतसुद्धा — देवाला माहीतच आहे, मग उगाच कशाला तोंड उघडायचं, म्हणून मी ती नेहमी टाळून पुढे जात आले. आज तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

नेवाशाजवळच्या आमच्या गावात पप्पा शाळामास्तर होते, पण लोक त्यांना जीपवाले मास्तर म्हणत. मिलिटरीच्या लिलावातून त्यांनी एक जुनी जीप आणली होती. दार नाही, छप्पर ताडपत्रीचं, आणि आवाज असा की आम्ही निघालो हे पुढच्या वस्तीला आधीच कळायचं. पप्पा तिच्याखाली झोपले की पाना द्यायला मी. कुठल्या नटाला कुठला पाना हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं. माझा धाकटा भाऊ विजय हात काळे होतात म्हणून लांब उभा राहायचा. तो मला म्हणायचा, “ताई, जीप तुझीच. मला निस्तं शेजारी बसव.” लहानपणी ठरलेलं होतं ते आमचं. तुम्ही म्हणाल, पोरांचं ठरलेलं कोण धरतं? मी धरलं होतं.

मी चोवीस वर्षांची असेन. पप्पांची पाठ धरली होती, त्यांना जीपखाली जाणं जमत नव्हतं, आणि नेमके ब्रेकचे पाइप सडले. ब्रेकचं तेल चाकांपर्यंत नेणारे ते लोखंडी पाइप. गंजून जागोजागी पाझरायला लागले होते. उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशी आमच्याकडे नव्या पिकातला वाटा चर्चमध्ये वाहतात, आणि वस्त्यांवरची ज्वारीची पोती, उसाच्या मोळ्या आमच्याच जीपमधून जायच्या. विजय अचानक म्हणाला, “पप्पा, या बारीला मी करतो.”

आणि त्याने केलं! हे मी मुद्दाम सांगतेय. आधी तार घेऊन जुन्या पाइपाचा आकार तारेत उतरवायचा, मग तारेवरून नवा पाइप वाकवायचा. वाकवताना पाइप चेपू नये म्हणून त्याने आईच्या उखळाची गोल कड वापरली. आई ओरडली. काही पाइप वाया गेले, त्याच्या बोटांची सालं निघाली. पप्पा बाजेवर बसून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की — मला ते सहन होत नव्हतं. माझ्याकडे बघताना ते तसं कधीच आलं नव्हतं. मला येतं, यात त्यांना कधी नवल वाटलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब चहाला आले. जीपभोवती फिरून त्यांनी सहज विचारलं, मास्तर, तुमच्यानंतर ही कुणाची? पप्पा म्हणाले, “इजयची. दुसऱ्या कुनाची? पोरगी काय, उद्या सासरी जायची.”

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी विजयकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल — निदान माझ्याकडे बघेल तरी. तो खाली बघून लाजल्यासारखा हसला. बस्स, एवढंच. ज्यांच्यासाठी मी हात काळे केले त्यांनी मला परकी केलं, आणि ज्याच्या शब्दावर मी विसंबले होते तो नुसता हसला. माझ्याच घरात, माझ्याच हातात चहाचा ट्रे असताना, मला फसवलं होतं. मी कप वाटले. साखर कमी झाली का, तेही विचारलं.

आता त्या संध्याकाळचं सांगायला हवं. किती वेळ टाळू?

नवे पाइप बसवले की आत शिरलेली हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याने होत नाही. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीकसा नट सैल करायचा, तेलाबरोबर हवा फुसफुसत बाहेर येते. नट आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर सगळी मेहनत पाण्यात, हवा पुन्हा आत, आणि आत हवा असली की ब्रेक धरत नाही. खालच्याला वरचा पाय दिसत नाही. त्याने फक्त विचारायचं, आणि वरच्याने खरं सांगायचं. सगळं काम त्या एका शब्दावर चालतं.

“ताई, धरलं का?”

“धरलंय.”

पहिल्या तीन चाकांना मी धरलं. शेवटच्या चाकाला, त्याने नट सैल केल्यावर, मी पाय उचलला. चुकून नाही. सावकाश उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. खाली तो शीळ घालत होता.

“टाइट झालं का पेडल?”

पेडल माझ्या पायाखाली चिखलासारखं मऊ होतं. मी म्हणाले, “झालं.” मग अंगणात एक चक्कर मीच मारून दाखवली. पेडल दोनतीनदा झटझट मारलं की कमी वेगात गाडी थांबते, हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. तो टाळ्या वाजवत होता.

मला काय व्हायला हवं होतं? पप्पा त्याला रागवावेत, एवढंच — असं मी स्वतःला सांगत आले. पण मग रविवारी पप्पा स्टिअरिंगवर बसले, विजय शेजारी बसला, मागे पोती चढली, तेव्हा मी का म्हणाले, की तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते?

चर्चच्या उतारावर जीप थांबली नाही. सगळी मंडळी बाहेर उभी होती. बायामाणसं ओरडत बाजूला झाली, जीप कंपाउंडच्या भिंतीला जाऊन धडकली, ज्वारी सांडली, आणि पप्पांचा गुडघा असा आपटला की ते पुढे कायम लंगडत चालले. ते विजयवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर अगदी हळू म्हणाले, “इज्या, तुझं न्हाई बाबा हे काम. तुझ्या हाताला यश न्हाई. ताईकडं दे.” विजयने खिशातला पाना काढून माझ्या हातात दिला. मी तो घेतला.

पप्पा अंथरुणाला खिळलेले असताना मी त्यांना सांगितलं, सगळे पाइप नव्याने टाकते. एकही टाकला नाही. आत त्यांना ऐकू जावं म्हणून नुसती खाटखूट केली. मग आईला पेडलवर बसवून त्या एका चाकाची हवा काढली, आणि विजयचेच ब्रेक दगडासारखे टणक लागले. बरे झाल्यावर पप्पांनी पेडल दाबून बघितलं आणि म्हणाले, याला म्हनत्यात काम. लग्नात त्यांनी जीप मला दिली. गेले तेव्हा याच समजुतीत गेले.

विजयने पुन्हा पान्याला हात लावला नाही. आता साखर कारखान्यात कारकून आहे. घरात बल्ब गेला तरी माणूस बोलावतो. “मी खिळा ठोकला तर भिंत पडंल,” असं लग्नाकार्यात स्वतःच सांगून लोकांना हसवतो. मीही हसते.

गेल्या महिन्यात मी जीपचे ब्रेक पाइप बदलले. एवढ्या वर्षांनी बाहेरून गंज धरला होता, पण एकही जोड पाझरलेला नव्हता, एकही वळण चेपलेलं नव्हतं. काढलेले पाइप पडवीत भिंतीला टेकवून ठेवले होते. रविवारी विजय जेवायला आला. हात धुता धुता त्याचं तिकडे लक्ष गेलं. त्याने एक पाइप उचलला, उखळाच्या कडेवर वाकवलेल्या त्या गोल वळणावरून अंगठा फिरवला. ओळखलं नाही त्याने. कसं ओळखणार? त्याचे तर मी केव्हाच काढून फेकले होते ना!

“काय हात हाय ताई तुझा,” तो म्हणाला. “पप्पा उगं न्हवतं म्हनत.”

त्याच्या आवाजात असूया नव्हती. हात पुसून तो माझ्याकडे बघत उभा होता, खरं बोलायला याहून सोपी वेळ आली नसती.

मी म्हणाले, “चल, भाकरी गार होतीय.”

त्याने पाइप जपून होता तसा भिंतीला टेकवला आणि जेवायला आत आला.