ड्रममधलं शिळं पाणी

लीलाताईंबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. आता फिरतं, म्हणजे. गेल्या मे महिन्यात सगळ्यांत आधी वाकडं बोललो तो मीच होतो, म्हणून तर हे सांगणं भाग आहे.

ग्वाल्हेरात आमचा चिनी मातीच्या बरण्यांचा लहानसा कारखाना आहे. भट्टी माझी, आणि बरणीवरची काचेसारखी चकाकी, म्हणजे झिलई, ती लीलाताईंची. गावातल्या गोरखी भागातून टेम्पोनं येतात, एकतीस वर्षं झाली. पावडर आधी मुठीनं घेतात आणि मग काट्यावर टाकतात. त्यांची मूठ आणि काटा यांचं भांडण झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

झिलई ड्रमभर पाण्यात कालवतात, आणि तीत त्या बोरिक पावडर घालतात. त्यानं झिलई कमी आचेवर वितळते आणि बरणीला घट्ट धरते. मी एकदा चिडवलं, "ताई, ही तर कॅरमची पावडर!" तर म्हणाल्या, "कॅरमची, झुरळांच्या गोळ्यांची, आणि गॅसवर न तडकणाऱ्या काचेचीसुद्धा. तुर्कस्तानात याचे डोंगर आहेत, संभाजीराव. दगड फोडायचा, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, शिजवायचा, गार केला की हे पांढरे पापुद्रे सुटतात. त्याआधी याचा भाऊ, टाकणखार, तिबेट-लडाखकडून यायचा. मेंढ्यांच्या पाठीवर, थैल्या बांधून."

"काहीतरीच काय! मेंढ्या?"

"मेंढ्याच. बर्फाच्या घाटांतून." मी बोरिकच्या पोत्याकडे बघतच राहिलो. रोज त्याच्यावर टेकून चहा प्यायचो हो मी!

मे महिन्यात ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात औषध घालून यायला त्यांना अकरा वाजायचे, म्हणून सकाळी झिलईची शेड उघडायचं काम माझ्याकडे आलं. आणि त्याच महिन्यात बरण्या बिघडल्या. एकेक भट्टी उघडावी तर झिलई निस्तेज, खरखरीत, कुठे कुठे नुसतं भाजलेलं मडकं. मालक अभिराम, तिशीतला पोरगा, कपाळाला हात लावून बसला. मी म्हणालो, "ताईंना दिसत नाही आता. वजन चुकतंय."

"काका, मलाही वही लगता है," अभिराम म्हणाला. "शनिवारची भट्टी बघू. तीही गेली तर ताईंना आराम देऊ."

ताईंनी ते ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मला म्हणाल्या, "घरी बसून मी काय करू, संभाजीराव? मला दुसरं काही येत नाही." मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, एवढाच काय तो तोरा.

बुधवारी ताई आल्या त्या ड्रमकडे न जाता दाराशी त्यांनीच लावलेल्या मोगऱ्यापाशी थांबल्या. पानांच्या कडा करपल्या होत्या, जशी काही काडी लावली असावी.

"याला पाणी कोण घालतं?"

"मीच की!" मी छाती काढून म्हणालो. "रोज सकाळी. रात्री झिलई खाली बसते, वर नितळ पाणी उरतं. ते शिळं पाणी काढून ताजं भरतो. वाया नाही घालवत, झाडाला देतो."

आमच्या घरी सकाळी उठल्यावर पहिलं काम तेच. शिळं पाणी ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. आई सांगायची, शिळ्या पाण्यावर दिवस काढू नये.

ताई खालीच बसल्या. मग त्यांनी त्या दिवसाची बादली, जी मी अजून ओतली नव्हती, तिच्यातलं वाटीभर पाणी शेगडीवर ठेवलं. पाणी इतकं नितळ की वाटीचा तळ दिसत होता. ते आटत गेलं आणि कडेला पांढरे पापुद्रे धरू लागले. अंधार व्हावा म्हणून ताईंनी शेडचं शटर खाली ओढलं, वाटी गार केली, पाटणकर बाजारातून आणलेलं स्पिरिट थेंब थेंब घातलं आणि लांबून काडी लावली.

ज्वाला हिरवी उठली.

आईशप्पथ, हिरवी! चाळीस वर्षं आग बघतोय मी. लाल बघितली, पिवळी बघितली, पांढरीफटक बघितली. हा रंग मला माहीतच नव्हता.

"बोरिक," ताई हळूच म्हणाल्या. "पाण्यात मीठ विरतं तसं हे विरतं. मी ड्रममध्ये घालत होते आणि तुम्ही रोज उपसून मोगऱ्याला पाजत होतात. त्यानंच त्याची पानं करपली."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर धरणारा चोरच! ताईच म्हणाल्या, "अभिरामला नका सांगू. सांगू, पोतं खराब निघालं. तुमचीही नोकरी आहे."

एकतीस वर्षांचं नाव पणाला लागलेलं, आणि बाई माझी नोकरी सांभाळत होती. मला स्वतःचाच असा संताप आला! शटर वर केलं, अभिरामला हाताला धरून आणलं, शटर परत पाडलं, वाटीत पुन्हा स्पिरिट घालून काडी लावली. "बघ. ताईंची मूठ बरोबर होती. बरण्या मी बिघडवल्या. आराम द्यायचा तर मला दे." त्यानं वाकून ती हिरवी ज्वाला बघितली. मग ताईंना म्हणाला, "सॉरी, ताई," आणि मला म्हणाला, "काका, शनिवारी भट्टी कौन लगाएगा? तुम्हीच ना?"

ताईंनी नवा ड्रम कालवला. तीन दिवस मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही.

रविवारी भट्टी उघडली. पहिली बरणी ताईंनी काढली, पदरानं पुसली, ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर धरून फिरवली. मग माझ्यापुढे केली.

"बघा, संभाजीराव, तोंड दिसतंय तुमचं."

दिसत होतं. मिशीसकट, स्वच्छ. मला काही ते फार वेळ बघवलं नाही.