भावासाठी मागितलेली सूट

नोव्हेंबरात, मृतांसाठी प्रार्थनेच्या महिन्यात, सिमेट्रीत मेणबत्त्यांचा वास आला, की ते आठवतं. मी अबोला सोडला नाही आणि थोरला भाऊ गेला. बायको म्हणाली, "स्वल्प ऐका हो, कन्फेशन करून त्याच्या आत्म्यासाठी मेल्यावरच्या शिक्षेत सूट मागा."

मी फादरना विचारलं, "देवानं माफ केलं, मग शिक्षा कसली?"

पीण्या औद्योगिक वसाहतीतला माझा लेथ त्यांना ठाऊक. म्हणाले, "फोरमननं माफ केलं, तरी लेथवर बिघडलेला जॉब नीट करावाच लागतो. त्यात भावाला हातभार लाव."

कळलं होतं मला. तरी "माझा जॉब बिघडत नाही," म्हणून निघून आलो.

आज बायकोच्या कबरीपाशी उभा आहे. कन्फेशन केलं; आत काही हललं नाही. दिवसाला एकाच मृतासाठी सूट मागता येते. मी भावाचं नाव घेतलं. तिला माझी वाट बघायची सवय आहे.