आंगणावरून जाणारं

तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या की त्या वासानं मला बाभुळगावचं आमचं अंगण आठवतं. त्या हिवाळ्यात मी जेमतेम दोन दिवसांसाठी घरी गेले होते. ध्रुवावरच्या बर्फाची जाडी मोजणाऱ्या उपग्रहावरची उपकरणं सांभाळणं हे माझं काम, आणि त्यातलं एक सकाळपासून रुसलेलं, त्यामुळे माझं सगळं लक्ष फोनमध्ये. आमच्याकडे शेंगांचं गरम पातेलं अंगणात आलं, की रस्त्यानं जाणाऱ्यानं घडीभर बसून मूठभर शेंगा खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी रीतच आहे. तशाच येऊन बसलेल्या शेजारच्या काकूंनी मला विचारलं, “तुहं यंत्र आपल्या गावावरून जाते का वं?” मी म्हटलं, “जाते ना काकू, पण इथं त्याले झोपवून ठेवतो. बर्फ आला की मंग जागं करतो.” शेंग सोलता सोलता आईचा हात थांबला. “म्हणजे आंगणावरून जाते, अन् पाहतबी नाही?” ती म्हणाली, “तुह्यावरच गेलं मंग.” काकू हसल्या. आई हसली नाही. मी फोन पालथा ठेवला आणि पातेल्याजवळ सरकले. आजही उपग्रह आपल्या भागावरून जाताना त्या उपकरणाला झोपवायची आज्ञा मीच पाठवते, कामाचा नियमच तसा आहे. ते झोपलं, की मी घरी फोन लावते, आणि मी काही बोलायच्या आधीच आई विचारते, “आलं काय वं आपल्या आंगणावर?”