काकीने जमीन हसत दिली, म्हणे!

सुंदरकाकी गेल्याची बातमी मला तिच्या सुनेने, सुजाताने दिली. मी सावर्ड्याला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. तास संपवून बाहेर आले तर सुजाताचा फोन येऊन गेला होता. परत लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ये गो. आमची काकी गेली." रत्नागिरीपर्यंतच्या प्रवासात मला रडू आलं नाही. रडू आलं ते बारावं-तेरावं आटोपल्यावर, आणि तेही दुःखाने नव्हे, संतापाने. वाडीतल्या देवळासमोर शोकसभा झाली. ती वाडीने ठेवली नव्हती, भाऊंनी ठेवली होती. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, विमानतळाचा विषय निघाला आणि जवळपास माइक असला की ते तिथे असतातच. त्यांनी येताना खुर्च्या आणल्या होत्या, काकीचा फोटो आणला होता, आणि त्या फोटोहून मोठा स्वतःचा फोटो असलेला फलकही आणला होता. ते म्हणाले, "सुंदरकाकींनी कोकणच्या पर्यटनासाठी आपली जमीन हसतमुखाने दिली. उद्या परदेशी पाहुणा आपल्या किनाऱ्यावर उतरेल, तेव्हा त्यात काकींचाही वाटा असेल." त्यावर टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, हे त्यांच्या माणसांना कुणी शिकवलं नसावं. मी हे लिहायला बसले ते त्या एका शब्दासाठी. 'हसतमुखाने'... काकीचं हसणं मी पुष्कळ पाहिलं आहे. जमिनीच्या गोष्टीत ती एकदाही हसलेली मला आठवत नाही.

आमची वाडी सड्याच्या एका अंगाला आहे, आणि हायस्कूल, बाजार, दवाखाना सगळं दुसऱ्या अंगाला. मधे काळा कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि काकीची काजूची बाग. काकी रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन सडा ओलांडायची. कधी ओले काजूगर, कधी कोकमं, कधी नुसत्या शेवग्याच्या शेंगा, जे असेल ते बाजारात विकायची. वाडीतल्या मुली दप्तरं घेऊन तिच्या मागून शाळेत जायच्या. मागे कुणी रेंगाळली की पुढून आवाज यायचा, "पाय सोताचे हायत की उसने आनलेस?" तेव्हा विमानतळ म्हणजे डांबराची एक पट्टी, भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाला जागोजाग पडलेली भोकं. विमान क्वचित यायचं. आलं की चौकीतला रखवालदार शिट्टी फुंकायचा आणि आम्ही जाळीआड बसून राहायचो. आवाज विरला की काकी ओरडून विचारायची, "गेला काय रे तुजा कावळा?" तो हात हलवायचा आणि आम्ही पलीकडे जायचो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या वर्गात बसलं नव्हतं. आई स्पष्ट सांगायची, काकी नेतेय म्हणून तुला धाडतेय, ती न्यायची थांबली की तुझी शाळाही थांबली. आज माझ्या नावापुढे पदवी आहे ती त्या पाटीच्या मागून चालत गेल्यामुळे. यात अलंकार नाही, नुसता व्यवहार आहे.

मग आमच्याकडे पर्यटन आलं. पर्यटक आले नाहीत, पर्यटन आलं. देवळासमोर पडदा लावून सभा झाली. पडद्यावर एक गोरी बाई शहाळ्यात नळी घालून वाळूत पडली होती. आमच्या वाडीपासून वाळू कितीतरी लांब आहे, पण ते कुणी विचारलं नाही. भाऊ तेव्हा तरुण होते, मिशी काळी होती. ते म्हणाले, पट्टी लांबेल, मोठी विमानं येतील, मुंबईचा माणूस सकाळी निघून दुपारी आपल्याकडे मासे खाईल, घरोघरी पाहुणे उतरतील, तुमच्या मुली हवाई सुंदरी होतील. काकी बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "आदी धाव्वीला तरी जाऊ दे तिला, मग हवेत चडव." सगळे हसले. भाऊसुद्धा हसले. हसून पुढच्या चित्राकडे वळले.

काकीची बाग गेली. मोबदल्याच्या कथा घरागणिक वेगळ्या आहेत, त्यात मी शिरत नाही. काकीला बागेचं दुःख होतंच, पण ते ती चुलीपुढे बोलायची. बाहेर ती एकाच गोष्टीवर भांडली, ती म्हणजे वाट. तारेच्या जागी चिऱ्याची उंच भिंत आली आणि सड्यावरची वाट संपली. भिंतीच्या कडेने मुलांसाठी दुसरा रस्ता मिळणार होता. नकाशावर तो झालाही होता. प्रत्यक्षात हायस्कूलला जायचं तर डोंगर उतरून, हमरस्त्याने, डंपरांच्या कडेकडेने पूर्ण वळसा घालावा लागे, आणि त्या वेळेला एस.टी. नव्हती. मी नववीत होते. माझ्या बरोबरीच्या दोघींची शाळा त्या पावसाळ्यात सुटली. त्या मुंबईला कुणाकुणाची मुलं सांभाळायला गेल्या. मलाही तसंच धाडायचं बोलणं चालू झालं होतं. काकी कचेरीत गेली तर साहेब दौऱ्यावर, भाऊंकडे गेली तर भाऊ बैठकीत. मोठ्या माणसाच्या तोंडासमोर उभं राहायला वाडीतल्या बाईला जागाच नव्हती.

ती जागा त्यांनीच तिला दिली. विस्ताराचं भूमिपूजन ठरलं आणि पाहुण्यांना ओवाळायला स्थानिक भगिनी हव्यात, असा भाऊंचा निरोप आला. नऊवारी, नथ, पारंपरिक कोकण वगैरे. जिची बाग घेतली तिनेच कुंकू लावायचं, यात त्यांना काही खटकलं नाही. अशा माणसांना खटकत नाही, म्हणून तर ती मोठी होतात. काकी उंच होती, नथ तिला शोभायची, म्हणून तबक तिच्या हातात आलं. मंत्री आले, उन्हात बायकांची पावलं भाजून झाल्यावर आले. काकीने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळायला लागली. आणि थांबेचना. मंत्र्यांनी तबकात नोट ठेवली. तबक फिरतच राहिलं. मी मागच्या रांगेत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, आमच्या पोरींची वाट?"

"हो, हो. होणार."

"कदी?"

"लवकरच. चला आता."

स्वीय सहायक पुढे झाला. "काकू, झालं, झालं, पुरे."

"मदीच थांबवू?" काकी म्हणाली, निरांजनावरची नजर न काढता. "थांबवतंय. मग कामाला अपशकुन झाला तर माज्या माथी नको."

मंत्र्याच्या बोटांत चार रंगांच्या खड्यांच्या अंगठ्या होत्या. हा माणूस मधेच सरकणार नाही, हे काकीने त्या अंगठ्यांवरून ओळखलं असावं. कॅमेरे समोर, ज्योत नाकापुढे, मागे हटायची सोय नाही. शेवटी त्यांना भाऊंकडे वळून सगळ्यांदेखत म्हणावं लागलं, "अहो, या मुलींसाठी एक फाटक ठेवा भिंतीत." तेव्हा तबक थांबलं. नोट काकीने उचलून परत त्यांच्या हातात दिली.

फाटक झालं. लोखंडी, अरुंद, शाळेच्या वेळेला उघडणारं. त्या फाटकातून मी दहावी झाले, बारावी झाले, पुढे शहरातल्या कॉलेजात गेले. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ते सुरक्षेच्या कारणास्तव चिणून टाकलं. कुणाची कुणापासून सुरक्षा, ते कळलं नाही. त्यातून दप्तरं घेतलेल्या मुलींशिवाय कुणी जात नव्हतं.

पुढची वर्षं म्हणजे समारंभांचा इतिहास आहे. विमानतळाचा इतिहास लिहायचा तर तोच लिहावा लागेल. सरकार बदललं की नवं भूमिपूजन, जागा तीच. मग धावपट्टीचा विस्तार, मग इमारतीची कोनशिला, मग कोनशिलेवरचं नाव बदलून पुन्हा कोनशिला. आमच्या सड्याइतकी पुजलेली भूमी साऱ्या कोकणात नसेल. दर वेळी वर्तमानपत्रांत तेच चित्र, माडाच्या डोक्यावरून जाणारं विमान. किनाऱ्यावर त्या चित्राच्या भरवशावर हॉटेलं उठली, त्यांच्या खोल्यांतून समुद्र दिसतो अशी जाहिरात असते, आणि पडदे बंद करून लोक झोपा काढतात. आणि दर वेळी काकी तबक घेऊन उभी. पाहुणा बदलायचा, प्रश्न तोच. एकाने "नक्की" म्हटलं, एकाने "तपासून घेतो", एकाने "काकू, तुमच्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबार खायला येणार". काकी म्हणाली, "या. भिंतीवरून उडी मारून या."

ती काही देवी नव्हती. नथ घालून फोटो काढायची तिला भारी हौस होती, आणि पेपरात फोटो कापून आला तर दिवसभर धुसफुसायची. सुजाताला तिने भाजीतल्या मिठावरून फार छळलं. मी पदवी घेऊन पेढे द्यायला गेले तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाली, "शिकलीस ता बरा केलंस. पन येवडा शिकून मास्तरीनच झालीस? मला वाटला तहसीलदार हुशील, माजी वाट मोकळी करशील." मी हसले. ती हसली नाही.

काका गेले त्याच्या पुढच्याच वर्षी नव्या इमारतीचा समारंभ होता. भाऊ स्वतः वाडीत आले. मिशी आता पांढरी झाली होती. ओटीवर बसून चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "काकू, तुमच्या भावनांचा मला आदर आहे. पण शुभकार्य आहे... लोक नावं ठेवतात. या वेळी तुम्ही जरा मागे थांबा." ज्यांनी आयुष्यात एक वचन पाळलं नाही, त्यांना शास्त्र पाळायचं होतं! काकी म्हणाली, "माजा घोव मेला तवा तुमाला शास्तर आठवला. माजी बाग नेलीत तवा कनचा पंचांग बगितलात?" भाऊंनी कप खाली ठेवला आणि मोटारीत जाऊन बसले.

वाडीतल्या बायकांनी सांगितलं, काकी नाही तर आम्हीही नाही. भाऊंना काही अडलं नाही. त्यांनी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलातून मुली आणल्या, भाड्याच्या नऊवारीत, चिमट्याच्या नथा लावून. त्यांत आमच्या वाडीतली मानसी होती. फाटक बंद झाल्यावर आठवीत शाळा सुटलेल्या मुलींपैकी ही एक, तेव्हा त्या हॉटेलात चादरी बदलायची. आम्ही बांबूच्या अडसराबाहेर उन्हात उभ्या होतो. मानसीने पाहुण्यांना कुंकू लावलं, ओवाळायला लागली, आणि निवेदकाच्या उघड्या माइकमधून तिचा घाबरा आवाज आमच्यापर्यंत आला. "साहेब, आमची वाट..."

पाहुणे दिलखुलास हसले. "वाट कसली, बेटा? आता थेट आकाशातून जायचं!" मांडवात हशा उसळला, टाळ्या पडल्या. मानसी बाजूला झाली. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलाने तिला येऊ नको म्हणून सांगितलं. माझ्या अंगाचा भडका उडाला होता. काकी मात्र अडसराच्या बांबूला धरून शांत उभी होती. म्हणाली, "घाय केलान पोरीने. जरा हळू फिरवायचा होता."

त्यानंतर काकी फार दिवस राहिली नाही. छातीचं दुखणं होतं. दवाखान्यात न्यायला रिक्षा वळसा घालून आली आणि वळसा घालूनच गेली. त्या वळशाने ती वाचली नाही असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनीही तसं म्हटलेलं नाही. पण इमारतीच्या काचा भिंतीवरून आमच्या वाडीत चमकतात आणि दवाखाना काचांच्या पलीकडे आहे, एवढं खरं आहे.

मागच्या आठवड्यात भाऊंचा माणूस पुन्हा वाडीत आला. आणखी एक समारंभ आहे, आणि काकींना श्रद्धांजली म्हणून या वेळी औक्षण त्यांच्या वाडीतल्या भगिनींनीच करावं, अशी भाऊंची इच्छा. मी रविवारी घरी गेले तर काकीच्या ओटीवर बायका जमलेल्या. एक म्हातारी म्हणत होती, "घरात वरीस फिटला नाय अजून. सण करायचा नसतो."

"ह्यो काय सण हाय?" सुजाता म्हणाली. "जायाचा."

मग तिने आतून पाट आणला, माझ्यापुढे टाकला. "तू हो मंत्री. तुला बोलायची सवय हाय."

मी पाटावर उभी राहिले. बायका हसायला लागल्या. मानसीने तबक घेतलं, सुजाता तिच्या कोपराला हात लावून बाजूला उभी राहिली. निरांजन तुपाने काठोकाठ भरलं होतं. कुंकू लागलं, अक्षता लागल्या, ज्योत माझ्या चेहऱ्यासमोरून खाली गेली, वर आली. "हळू," सुजाता म्हणाली. "आजून हळू."

"साहेब, आमची वाट?" मानसीने विचारलं.

"हो, हो, बघतो," मी म्हटलं. मला ते फार सहज जमलं.

मानसीचा हात अडखळला. सुजाताने तो सोडला नाही. ज्योत पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आली, कपाळाला तिची धग लागली. पाय अवघडले तरी खाली उतरता येईना. समोर हसणाऱ्या बायका आता हसत नव्हत्या, वाट बघत होत्या. मी पुन्हा म्हटलं, "बघतो म्हटलं ना."

तबक खाली गेलं, वर आलं. मानसीने माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "कदी?"