खाबुऱ्याचं इंग्रजी घर

इक्बालभाई गेल्याचं मला आखातातल्या खाबुऱ्याहून कळलं आणि खरं सांगायचं तर आधी राग आला, दुःख मागाहून. कुरुमच्या ऑफिसात अठरा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. तरी फोन आला तो आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, ज्यांना ऑफिसात सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचे. दफनही उरकलं होतं. "तुला कुणी सांगितलं नाही?" त्यांनी हिंदीत विचारलं. त्या प्रश्नातली दया मला अजून पचलेली नाही...

अर्बाब तरुणपणी इंग्लंडला शिकले. सुट्टीत त्यांना तिथल्या कुणा उमरावाच्या खेड्यातल्या हवेलीत जेवायला बोलावलं होतं. तेव्हापासून तसंच घर खाबुऱ्याला, खजुराच्या बागेत, समुद्रासमोर बांधायचं त्यांच्या मनात होतं. काम माझ्याकडे आलं. मी आर्किटेक्ट, पुण्याची पदवी. इक्बालभाई रत्नागिरीकडचे ड्राफ्ट्समन. असली घरं मी तिकीट काढून पाहिली होती, त्यांच्यावरचं जाडजूड पुस्तकही विकत घेतलं होतं. मी काढलेलं घर डावीउजवीकडे तंतोतंत सारखं, मध्ये सहा खांब, वर त्रिकोण. अर्बाबनी बराच वेळ पाहिलं. "छान आहे," म्हणाले, "पासपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो?"

इक्बालभाईंनी ते पुस्तक अल खौदला घरी नेलं. दोन दिवसांनी अर्बाब ऑफिसात आले तेव्हा ट्रेसिंग पेपर पुढे केला. मध्ये जाड भिंतींचा ठेंगणा दिवाणखाना, त्याला नंतर जोडल्यासारखी उंच, शिस्तीतली बाजू, आणि मागे गरजेपोटी वाढत गेलेल्या खोल्या. "साहेब, तिकडं ही घरं एका दमात कोण बांधत नाय. बाप दिवाणखाना बांधतो. पोरगा इटली बघून येतो आन् खांब लावतो. नातवाकडं पावणे वाढले की तो किचन वाढवतो." हा इतिहास होता की टोमणा, मला आजही ठरवता येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं, मी विचारलं. "पुस्तकात नकाशे हायत ना. जाड भिंत ती जुनी, बगा." पुस्तक माझं होतं... मी त्यातले फोटो पाहिले होते.

त्या कागदावरची धुराडी पाहून मी हसलो. खाबुऱ्यात शेकोटी कोण पेटवणार? "शेकोटी कशाला?" इक्बालभाई म्हणाले, "गरम हवेला वर जायला वाट नको?" अर्बाबनी कागदावर तळवा ठेवला. "खलास. हेच."

नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात: रचना कुणाची आणि रेखन कुणाचं. पहिलीत मी माझं नाव घातलं, दुसरीत इक्बालभाईंची आद्याक्षरं. ऑफिसचा रिवाज तसाच होता, आणि रिवाजाइतकी लपायला सोयीची जागा नाही. इक्बालभाईंनी दोन्ही चौकटी वाचल्या. "साहेब, तुमच्या नावाचं स्पेलिंग तपासा," म्हणाले, "परमिटला अडकतं." पुढे घराचं कौतुक झालं, छापूनही आलं, माझ्या नावानं. ते कधी बोलले नाहीत. बोलले असते तर मला त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.

गेल्या आठवड्यात खाबुऱ्याला गेलो आणि अर्बाबना सांगून टाकलं, की हे घर इक्बालभाईंचं. त्यांनी माझ्या कपात कॉफी ओतली. "त्यानं कागद ठेवला तेव्हाच कळलं होतं. हिवाळ्यात दर शुक्रवारी जेवायला यायचा. मी म्हणायचो, तुझ्या साहेबाला बोलवू? तर म्हणायचा, साहेब कामात असतात."

मी कामात नव्हतो. एकाही शुक्रवारी नव्हतो. म्हणजे काहीतरी एकट्याचं ठेवावं असं त्यांनाही वाटलं होतं... आणि त्यांनी ठेवलं ते माझ्या चौकटीपेक्षा कितीतरी चांगलं होतं.

मागच्या खोलीत खिडकीच्या कोनाड्यात समोरासमोर दोन दगडी बैठका आहेत. मी एकीवर टेकलो.

"तिथं इक्बाल बसतो," अर्बाब म्हणाले.

मी उठून समोर बसलो. समुद्र इक्बालभाईंच्या जागेवरून दिसत होता.