सावंतांना हवा असलेला एक शब्द

“मॅडम, रिपोर्टवर फक्त ‘बुरशी’ एवढं लिहून द्या. पुढचं आम्ही बघतो.”

सावंतांनी माझ्या टेबलावर प्लास्टिकचा डबा ठेवला. आत ओल्या भुशावर फेसासारखा पिवळाधमक गोळा होता. सावंत विचुंब्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. महिन्यापूर्वी त्यांची पत्नी म्युकरने गेली होती. म्युकर म्हणजे नाकात शिरून डोळ्याकडे पसरणारी बुरशी. पत्नीला जुना डायबेटिस होता. आणि आता हे पिवळं त्यांच्याच बाल्कनीखालच्या वाफ्यात दिसलं होतं.

“भुसा माळीणबाईने टाकलाय. पोलिसांत द्यायचंय,” ते म्हणाले.

मी पनवेलच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. अशा ओळखीच्या कामाला लोक अधूनमधून येतात. जागा बघते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

माळीण म्हणजे हिराबाई. साठीच्या, तिथल्याच गावातल्या. वाफ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “भुसा कमिटीनंच आनला, कळंबोलीवरनं. मी नुसता पसरला. काल हे इकडं व्हतं, आज बघा, कुठं गेलंय.”

गोळा खरंच वीतभर सरकला होता. बुरशी अशी चालत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे कुठेच नव्हते. हा स्लाइम मोल्ड होता. नावात मोल्ड, म्हणजे बुरशी. पण ते नाव जुन्या समजुतीतून पडलं. तो बुरशीसारखे बीजाणू सोडतो, म्हणून पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी त्याला बुरशीत बसवलं. मीही विद्यार्थी असताना तो बुरशीच्याच धड्यात शिकले. प्रत्यक्षात तो सगळा गोळा म्हणजे एकच पेशी, आत हजारो केंद्रकं. सरपटत जातो, वाटेतले जिवाणू गिळतो. डीएनए तपासल्यावर कळलं, त्याचं गणगोत अमिबाचं. खरं तर बुरशी त्याच्यापेक्षा आपल्याला जवळची आहे. माणसाला त्याचा संसर्ग होत नाही.

मी रिपोर्ट नियमाप्रमाणे लिहिला. आधी शास्त्रीय नाव. मग गट: अमिबोझोआ, म्हणजे अमिबाचं कूळ. शेवटी, खाली, ‘मानवी रोगाशी संबंध नाही.’

सावंतांनी उभ्या उभ्या वाचला. “म्हणजे बुरशी नाही?”

“नाही. म्युकरशी याचा काही संबंध नाही.”

“मग ती का गेली?”

“हॉस्पिटलच्या कागदावर काय लिहिलंय?”

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “उशिरा आणलं, असं लिहिलंय. गाल सुजला होता तिचा. मी म्हटलं दाढ असेल. आठ दिवस लवंगेचं तेल लावत होतो.”

मी पाणी पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि गेले.

पोलिसांत तक्रार झाली नाही. मला वाटलं, मिटलं.

चार दिवसांनी हिराबाई कॉलेजात आल्या. हातात माझ्या रिपोर्टची झेरॉक्स. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ‘अमिबोझोआ’भोवती लाल गोल काढून टाकला होता. खाली लिहिलं होतं, मेंदू खाणारा अमिबा. शेवटची ओळ कोणी वाचलीच नव्हती. वाफा खणून त्यावर सिमेंट ओतलं होतं. हिराबाईंना सोसायटीने कामावरून काढलं होतं, आणि त्या जिथे काम करायच्या त्या शेजारच्या दोन सोसायट्यांनीही.

“तुमीच लिवलंय ना हे?” त्यांनी विचारलं.

“हो. पण यात तुमचा दोष नाही, असंच लिहिलंय.”

“कुठं?”

मी बोट ठेवून ओळ दाखवली. त्यांनी ती बघितली. वाचता येत नव्हतं.

मी सावंतांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, मी कमिटीला सांगितलं. पण लोक घाबरलेत. आणि खरं सांगू, ती माळीण दिसली की मला त्रास होतो.” दोन्ही सोसायट्यांना मी पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. हिराबाई आता जासईच्या पुढे एका गोदामात झाडू मारतात. तिथे जायलाच त्यांना दोन रिक्षा बदलाव्या लागतात.

त्या रिपोर्टमधला एकही शब्द चुकीचा नव्हता. हल्ली मी पहिल्या ओळीत, साध्या मराठीत, एवढंच लिहिते की यापासून कोणाला धोका नाही. वर्गीकरण मागच्या पानावर.